धावपट्टी पुरेल का? विमान टोकावरून पुढे जाण्याचा धोका कसा मोजतात

७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी दुबईहून कोळिकोडला आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ जमिनीला टेकलं, तेव्हा त्याच्यापुढे सुमारे १,३५० मीटर धावपट्टी उरली होती. लँडिंगसाठी मिळणारी एकूण लांबी होती २,७०० मीटर. म्हणजे अर्धी धावपट्टी चाकं न टेकताच पोटाखालून निघून गेली होती. पाऊस पडत होता. वारा मागून होता, सुमारे १४ नॉटचा. जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग १६५ नॉट, म्हणजे ताशी ३०५ किलोमीटर. विमान धावपट्टी संपवून, तिच्यापुढची राखीव जागाही ओलांडून पठाराच्या कडेवरून खाली कोसळलं. विमानातल्या १९० जणांपैकी २१ जण गेले. त्यात दोन्ही वैमानिक होते.

अशा अपघातानंतर दोन चर्चा हमखास होतात. एक, चूक कोणाची. दोन, टेबलटॉप, म्हणजे पठारावर बांधलेल्या आणि टोकांना दरी असलेल्या, धावपट्ट्या बंदच करा. दोन्हींमध्ये तथ्य आहे, पण विमानतळांच्या सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाचा प्रश्न वेगळा असतो. या धावपट्टीवर, या हवेत, या वजनाच्या विमानाला थांबायला किती मीटर लागतात आणि थांबल्यावर पुढे किती उरतात? सगळा धोका त्या उरलेल्या मीटरांत असतो. धावपट्टी लांब आहे की आखूड, हे नुसतं सांगून काहीच कळत नाही. साडेतीन किलोमीटरची धावपट्टीही कमी पडू शकते, आणि दोन किलोमीटरच्या धावपट्टीवर छोटी विमानं वर्षानुवर्षं आरामात उतरतात.

हे गणित एकदा हातानेच करून पाहू, शाळेतल्या भौतिकशास्त्रावर. थांबायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वेग कमी होण्याच्या दराची दुप्पट. ओल्या धावपट्टीवर विमानाचा वेग दर सेकंदाला सरासरी २ मीटर प्रतिसेकंद इतका उतरतो असं धरू. हा आकडा मी समजावण्यापुरता घेतला आहे, अपघाताच्या अहवालातला नाही. १६५ नॉट म्हणजे सेकंदाला ८५ मीटर. वर्ग ७,२२५, भागिले ४, उत्तर साधारण १,८०० मीटर. हातात होते १,३५०.

आता तेच विमान हवेतला तोच वेग ठेवून उलट्या दिशेने उतरलं असतं तर? १४ नॉटचा वारा समोरून आला असता. हवेच्या हिशेबाने विमानाचा वेग साधारण १५१ नॉट होता. त्यातून १४ वजा केले की जमिनीवरचा वेग १३७ नॉट, सेकंदाला ७० मीटरच्या जरा वर. अंतर येतं सुमारे १,२४० मीटर. म्हणजे अर्धी धावपट्टी वाया घालवूनही विमान काठावर का होईना, थांबलं असतं. फक्त दिशा बदलल्याने साडेपाचशे मीटरांचा फरक. प्रत्यक्षातलं गणित याहून गुंतागुंतीचं असतं, कारण रिव्हर्स थ्रस्टचा, म्हणजे इंजिनाचा झोत पुढे वळवून मिळणाऱ्या रोधाचा, जोर वेगाबरोबर बदलतो आणि टायरची पकडही धावपट्टीभर सारखी नसते. पण वेगाचा वर्ग होतो ही गोष्ट मात्र कुठल्याच गणितात सुटत नाही.

मग मागून वारा असताना त्या बाजूने का उतरले? त्या विमानाने आधी समोरच्या वाऱ्यातच, म्हणजे २८ क्रमांकाच्या धावपट्टीवर प्रयत्न केला होता. पावसात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला, विमान पुन्हा वर नेलं गेलं, आणि दुसरा प्रयत्न त्याच धावपट्टीच्या विरुद्ध टोकाकडून, १० क्रमांकावर झाला. अपघात तपास विभागाच्या अहवालाने मुख्य कारण दिलं ते असं: अ‍ॅप्रोच (धावपट्टीकडे खाली येण्याचा टप्पा) स्थिर नव्हता, सहवैमानिकाने गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर जायला, सांगितलं होतं, तरी लँडिंग चालू ठेवलं आणि विमान फार पुढे टेकलं. त्यामागे कंपनीची धोरणं, वेळापत्रक, देखरेख अशी इतर कारणंही त्याच अहवालात आहेत. आपण इथे हिशेबापुरतं बोलू.

विमान कंपन्या हा हिशेब हातचं राखूनच करतात. विमान बनवणारी कंपनी चाचणीत थांबण्याचं अंतर मोजते. धावपट्टीच्या सुरुवातीवर विमान ५० फूट उंचीवर असतं तिथपासून पूर्ण थांबेपर्यंत. धावपट्टी कोरडी, ब्रेक पूर्ण दाबलेले, रिव्हर्स थ्रस्ट हिशेबात नाही. जेट विमानांसाठीचा नियम सांगतो की उड्डाणापूर्वीच्या हिशेबात हे अंतर उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत बसलं पाहिजे. म्हणजे चाचणीतल्या आकड्याला १.६७ ने गुणायचं. धावपट्टी ओली असण्याची शक्यता असेल तर त्यावर आणखी १५ टक्के, म्हणजे १.९२ पट. चाचणीत ९०० मीटर लागले असतील तर कोरड्यासाठी १,५०० आणि ओल्यासाठी १,७०० च्या वर लांबी हवी. कागदावर जवळजवळ दुप्पट.

इतकं राखून ठेवलेलं असताना विमान पुढे कसं जातं? ही राखीव रक्कम कोणी एका फटक्यात उडवत नाही. ती थोडी थोडी खर्च होते. अमेरिकेतल्या फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने वैमानिकांसाठी काही ठोकताळे दिले आहेत. मागून १० नॉट वारा असला की अंतर सुमारे २० टक्के वाढतं. वेग १० टक्के जास्त असला की आणखी २० टक्के. धावपट्टीच्या सुरुवातीवर विमान ५० फूट जास्त उंच असलं तर सुमारे ३०० मीटर गेले. ओल्या पृष्ठभागाचे तीस-चाळीस टक्के वेगळेच. हे टक्के नुसते बेरजेत येत नाहीत, एकमेकांना गुणतात. वरचेच ९०० मीटर घ्या. ओलावा १.४ पट, १,२६०. मागचा वारा, १,५१२. जास्त वेग, १,८१४. जरा उंचावरून आलो, २,११४. नियमाने राखून ठेवलेले होते १,७२८. यातली एकही गोष्ट एकटीने पाहिली तर कॉकपिटमध्ये घाम फोडणारी नाही.

२००५ सालच्या ८ डिसेंबरला शिकागोच्या मिडवे विमानतळावर हेच झालं. बर्फ पडत होता, वारा मागून होता, धावपट्टी आखूड होती. साउथवेस्टच्या ७३७ मध्ये रिव्हर्स थ्रस्ट टेकल्यावर १८ सेकंदांनी लागला. विमान कुंपण तोडून रस्त्यावर गेलं आणि एका मोटारीतला सहा वर्षांचा मुलगा गेला. तपासात पुढे आलेली एक अडचण फार साधी होती. धावपट्टी किती निसरडी आहे हे आधी उतरलेले वैमानिक ‘चांगली’, ‘बरी’, ‘वाईट’ अशा शब्दांत सांगत होते. एकाची बरी ती दुसऱ्याची वाईट. शिवाय उड्डाणापूर्वी केलेला हिशेब काही तासांपूर्वीच्या हवेचा असतो, उतरताना हवा वेगळीच असते.

त्यानंतर अमेरिकेने उतरण्याआधी, हवेतच, ताज्या माहितीवर नवा हिशेब करायचा आणि त्यात किमान १५ टक्के शिल्लक ठेवायची अशी शिफारस केली. धावपट्टीच्या अवस्थेला आकडे देण्याची पद्धतही याच वाटेने आली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, ती ४ नोव्हेंबर २०२१ पासून जगभर लागू केली. सहा म्हणजे कोरडी, पाच म्हणजे ओली पण पकड चांगली, आणि उतरत उतरत शून्य, म्हणजे इथे उतरूच नका. धावपट्टीचे तीन भाग धरून प्रत्येकाला वेगळा आकडा देतात, कारण एका टोकाला पाऊस कोसळत असतो आणि दुसऱ्या टोकाला नुसती भुरभुर.

या तक्त्यातली आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ पाण्याची आहे. पाण्याचा थर ३ मिलिमीटरपर्यंत असेल तर आकडा पाच. त्याच्या वर गेला की आकडा एकदम दोनवर येतो. मधे चार नाही, तीन नाही. तीन मिलिमीटर म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवली तेवढी जाडी. कोकणात किंवा मुंबईत जुलैची एक जोरदार सर आली आणि पाणी वाहून जायला उतार कमी पडला, की हा थर काही मिनिटांत साचतो. असा थर साचला की टायर पाणी बाजूला सारू शकत नाही आणि पाण्यावर तरंगायला लागतो. मग ब्रेक दाबले काय आणि न दाबले काय, चाकाला जमीनच लागत नाही. हे कोणत्या वेगाला सुरू होतं याचं नासाने दिलेलं एक सूत्र प्रसिद्ध आहे. टायरमधल्या हवेचा दाब पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच) घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, नऊने गुणा, उत्तर नॉटमध्ये. दाब २०० धरला तर येतात १२७ नॉट. या विमानांचा टेकण्याचा वेग बहुतेक वेळा याच्या वरच असतो. म्हणजे खोल पाण्यात टेकलेलं विमान सुरुवातीचा सगळा वेळ ब्रेकच्या भरवशावर नसतंच. पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे हवा अडवायला उभ्या राहणाऱ्या पट्ट्या, आणि रिव्हर्स थ्रस्ट तेवढी सोबत करतात.

धावपट्टीला आडव्या खाचा पाडतात त्या यासाठी, पाणी टायरखालून निघून जावं म्हणून. आणि टायरचं रबर खरवडून काढतात तेही यासाठीच. टेकताना चाकं फिरत नसतात, एका क्षणात त्यांना दोन-अडीचशे किलोमीटरचा वेग घ्यावा लागतो, त्यात रबर जळून धावपट्टीला चिकटतं. यातली एक गंमत लक्षात येत नाही. एका दिशेने उतरणाऱ्या विमानाला ब्रेकची सगळ्यात जास्त गरज शेवटच्या टप्प्यात पडते, आणि तो टप्पा म्हणजे उलट्या दिशेने उतरणाऱ्यांची टेकण्याची जागा. म्हणजे रबराने माखलेली. पावसात ते रबर साबणासारखं होतं. मुंबई विमानतळ पावसाळ्याआधी मे महिन्यात एक दिवस दोन्ही धावपट्ट्या काही तास बंद ठेवून दुरुस्ती करतो. २०२४ मध्ये हा दिवस ९ मे होता. त्या दिवशी विमानं रद्द झाली म्हणून कुरकुर होते, ती होऊ द्यावी. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात जयपूरहून आलेलं स्पाइसजेटचं ७३७ याच विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवरून पुढे जाऊन चिखलात रुतलं. प्रवासी सुखरूप राहिले. पण मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली.

इथवर एका विमानाचा हिशेब झाला. विमानतळाला मात्र वेगळा प्रश्न पडतो. आपल्याकडे दरवर्षी हजारो विमानं उतरतात, त्यांतलं एखादं पुढे जाण्याची शक्यता किती? इथे खरं घोडं अडतं, कारण असे प्रसंग, सुदैवाने, फार थोडे असतात. एखाद्या विमानतळावर तीस वर्षांत एकही झाला नाही याचा अर्थ धोका शून्य आहे असा होत नाही, आणि गेल्या वर्षी एक झाला म्हणून तो विमानतळ वाईट ठरत नाही. म्हणून जगभरचे अपघात एकत्र करतात. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या २००९ च्या अभ्यासात १९९५ ते २००८ मधले व्यावसायिक विमानांचे १,४२९ अपघात होते. त्यांतले ४३१ धावपट्टीशी संबंधित, आणि त्या ४३१ पैकी ४१७ मध्ये विमान टोकावरून किंवा बाजूने धावपट्टी सोडून गेलं होतं. जीवितहानी मात्र त्यांतल्या आठ टक्क्यांच्या आसपासच अपघातांत झाली.

पण नुसती अपघातांची यादी फसवते. समजा, आपल्याकडे पुढे गेलेल्या दहा विमानांची नोंद आहे आणि त्यांतली सात पावसात गेली. पाऊस धोकादायक, असं कोणीही म्हणेल. पण जर त्या विमानतळांवर एकूण लँडिंगपैकी सत्तर टक्के पावसातच होत असतील तर पावसाने काहीच वाढवलं नाही. आणि पावसातली लँडिंग फक्त दहा टक्के असतील तर पावसातला धोका कोरड्याच्या एकवीस पट निघतो. अपघातांची यादी दोन्हींत तीच. फरक पडला तो सुखरूप उतरलेल्या विमानांमुळे, ज्यांची बातमी कधी होत नाही. या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बरीच मोजमापं अपघातांवरच उभी होती. नंतरच्या संशोधनाने सर्वसाधारण उड्डाणांची माहितीही त्यात आणली: किती उड्डाणं पावसात झाली, किती धुक्यात, किती वेळा धावपट्टी गरजेपेक्षा जेमतेम लांब होती. अमेरिकेच्या विमानतळ संशोधन कार्यक्रमाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेलं मॉडेल याच पायावर आहे. हवा, विमानाचा प्रकार, दिलेली परिस्थिती घातली की ते शक्यता सांगतं. मला स्वतःला या सगळ्या क्षेत्रातला हाच बदल सगळ्यात मोठा वाटतो. सिमेंटच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुधारणा डोळ्यांत भरतात, ही भरत नाही.

अर्थात मॉडेलला सगळंच दिसत नाही. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि टोकावरून पुढे गेलं. धावपट्टी पुरेल का, याचं उत्तर त्यांनी बरोबर काढलेलं असणार, फक्त दुसऱ्याच विमानतळासाठी.

विमान कंपन्यांकडे तर आता प्रत्येक उड्डाणाची नोंद असते. विमान कुठे टेकलं, कोणत्या वेगाने, ब्रेक कधी लागले, रिव्हर्स कधी. त्यामुळे अपघाताची वाट पाहावी लागत नाही. धावपट्टीचा पहिला तिसरा हिस्सा संपल्यावर टेकणाऱ्या विमानांचं प्रमाण एखाद्या विमानतळावर वाढायला लागलं, तर काहीतरी बिघडतंय हे कळतं, भले सगळी विमानं थांबलेली असोत. याच नोंदींतून निघालेला एक आकडा अस्वस्थ करतो. ठरावीक उंचीपर्यंत वेग, उतार, फ्लॅप, चाकं सगळं जागेवर नसेल तर लँडिंग सोडून वर जायचं, म्हणजे गो-अराउंड करायचं, असा जवळपास प्रत्येक कंपनीचा नियम आहे. पण फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या पाहणीत अशा अस्थिर अ‍ॅप्रोचपैकी फक्त तीन टक्क्यांत गो-अराउंड झाल्याचं दिसलं. सत्त्याण्णव टक्के तसेच उतरले. आणि बहुतेक सगळे नीट थांबले, म्हणून तर सवय लागते.

मंगळूरला २२ मे २०१० ला हीच सवय नडली. एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबईहून आलेलं ७३७ धावपट्टीच्या सुरुवातीपासून सुमारे ५,२०० फुटांवर टेकलं. पुढे उरले २,८०० फूट, म्हणजे साधारण ८५० मीटर. सहवैमानिकाने गो-अराउंड सुचवलं होतं, एकदा नव्हे, तीनदा. १५८ जण गेले, आठ वाचले. पुण्याचे निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या चौकशीत एक गोष्ट निघाली ती चटका लावणारी आहे. इतक्या उशिरा टेकूनही, टेकताक्षणी पूर्ण ब्रेक आणि रिव्हर्स वापरला असता तर विमान पक्क्या पृष्ठभागावरच थांबू शकलं असतं. प्रत्यक्षात रिव्हर्स लावल्यानंतर पुन्हा उड्डाण करण्याचा प्रयत्न झाला. तोवर त्यासाठीही जागा उरली नव्हती.

शक्यता काढली की पुढचा प्रश्न: गेलंच पुढे, तर किती पुढे जाईल? इथे जुन्या अपघातांतल्या थांबण्याच्या जागा मोजून एक वक्र काढतात. टोकापासून जसजसं लांब जाल तसतशी तिथवर पोहोचणारी विमानं भराभर कमी होतात. अमेरिकेत धावपट्टीपुढे १,००० फूट, म्हणजे ३०० मीटर मोकळी जागा मागतात, कारण तिथल्या जुन्या नोंदींत पुढे गेलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के विमानं एवढ्यात थांबलेली दिसली. इकाओच्या नियमात धावपट्टीच्या टोकापुढची ६० मीटरची पट्टी सोडून आणखी किमान ९० मीटरचं सुरक्षा क्षेत्र लागतं, आणि शिफारस २४० मीटरची आहे. विमानतळांवर याला सरळ रेसा म्हणतात. मंगळूरला अपघाताच्या वेळी तो ९० मीटरचा होता.

जिथे जागाच नाही, एका बाजूला खाडी किंवा महामार्ग आहे, तिथे अमेरिकेने दुसरा मार्ग काढला. टोकापुढे हलक्या, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे अंथरायचे. विमानाची चाकं त्यात भरडत रुततात आणि विमान थांबतं. धावपट्टी सोडताना वेग ७० नॉटपर्यंत असेल तर थांबेल, या बेताने ते बनवलेले असतात. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर १९९६ मध्ये पहिली अशी गादी बसवली, आणि तिथेच १९९९ मध्ये एक छोटं प्रवासी विमान तिच्यात अडकून वाचलं. २०१६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाचे तेव्हाचे उमेदवार माइक पेन्स यांना घेऊन आलेलं ७३७ न्यूयॉर्कच्याच लाग्वार्डियावर असंच थांबलं. त्यांच्यामुळे ही गोष्ट बातम्यांत आली, एरवी कोण विचारतो. गादी महाग असते, एकदा चिरडलेले ठोकळे बदलावे लागतात, ऊन-पावसात त्यांची देखभाल करावी लागते. म्हणून जागा असेल तर मोकळी जमीनच स्वस्त पडते.

तिसरा प्रश्न परिणामांचा. टोरंटोला २ ऑगस्ट २००५ ला एअर फ्रान्सचं ए३४० वादळी पावसात ९,००० फुटांच्या धावपट्टीवर ३,८०० फुटांवर टेकलं, पुढे ओढ्यात गेलं आणि जळालं. ३०९ जणांपैकी एकही दगावला नाही. दक्षिण कोरियातल्या मुआनला २९ डिसेंबर २०२४ ला जेजू एअरचं ७३७ चाकं न उघडता पोटावर उतरलं, धावपट्टी संपल्यावर अडीचशे मीटरच्या आसपास असलेल्या काँक्रीट भरलेल्या मातीच्या उंचवट्यावर आदळलं. त्या उंचवट्यावर वैमानिकांना दिशा दाखवणारे अँटेना उभे होते. १८१ पैकी १७९ जण गेले. असे अँटेना आदळल्यावर सहज मोडतील अशा आधारावर उभे करता येतात, आणि जगभर बहुतेक ठिकाणी तसे असतात. मंगळूरलाही विमानाचा पंख अशाच अँटेनाच्या काँक्रीटच्या पायाला धडकला होता.

टेबलटॉपची चर्चा इथेच नीट लागते. मंगळूर, कोळिकोड, मिझोरममधलं लेंगपुई, शिमला, सिक्कीममधलं पाक्योंग, या धावपट्ट्या डोंगर कापून, दरी भरून केलेल्या आहेत. दोन्हीकडे खोल उतार असल्यामुळे उंचीचा अंदाज चुकू शकतो, हे खरं. पण टेबलटॉपमुळे मोठा फरक पडतो तो शक्यतेत नव्हे, परिणामात. सपाट जमिनीवर चिखलात रुतून संपलं असतं ते प्रकरण इथे दरीत जातं. म्हणून जोखमीच्या तक्त्यात, एका बाजूला शक्यता आणि दुसऱ्या बाजूला गांभीर्य, हे विमानतळ शक्यता तेवढीच असली तरी वरच्या रंगात येतात. तो पाच बाय पाचचा रंगीत तक्ता सगळीकडे वापरतात. तो उपयोगी आहे, पण ‘क्वचित’ आणि ‘अगदी क्वचित’ या दोन खणांमध्ये शंभर पटींचा फरक लपू शकतो. बैठकीत कोणीतरी एक खण डावीकडे सरकवला की लाल रंग पिवळा होतो आणि खर्च वाचतो. मॉडेलच्या आकड्यांशी अशी ओढाताण जरा अवघड जाते.

विमानातही आता हा हिशेब चालू असतो. एअरबसने ए३८० वर २००९ मध्ये आणलेली यंत्रणा उतरता उतरता वेग, वजन, वारा धरून थांबण्याची जागा काढत राहते आणि ती धावपट्टीच्या बाहेर जायला लागली की धावपट्टी अपुरी आहे असं बोलून सांगते. निर्णय मात्र वैमानिकाचाच.

कोळिकोडला अपघातानंतर जे झालं त्यात या सगळ्या हिशेबाची अडचण दिसते. रेसा दोन्ही टोकांना २४० मीटर हवा होता आणि पठारावर जागा नव्हती. विमानतळ प्राधिकरणाचा प्रस्ताव होता की २,८६० मीटरची धावपट्टी २,५४० मीटरवर आणावी आणि सुटलेली जागा रेसाला द्यावी. कागदावर नियम पूर्ण होतो. विमान पुढे गेलं तर थांबायला जागा जास्त मिळते, म्हणजे परिणाम सौम्य होतात. पण उतरणाऱ्या प्रत्येक विमानाच्या हातातले मीटर कमी होतात, म्हणजे पुढे जाण्याची शक्यता वाढते, आणि जड विमानांचा हिशेब तर बसतच नाही. सिमेंटची तीच पट्टी, तिला धावपट्टी म्हणायचं की राखीव जागा, यावर दोन्ही बाजूंचे आकडे हलतात. स्थानिक लोकांनी, आखातात काम करणाऱ्या मल्याळी कुटुंबांनी जोरदार विरोध केला. प्रस्ताव मागे पडला. धावपट्टी तेवढीच ठेवून पठाराच्या कडेला मातीचा भराव घालायचा आणि त्यासाठी लागणारी जमीन केरळ सरकारने संपादित करून द्यायची, असं ठरलं. २०२० च्या पावसाळ्यात बंद केलेली मोठी, रुंद विमानं कोळिकोडला पुन्हा आणायची चर्चा निघाली की ती या भरावापाशीच येऊन अडते.